एकट्याचा बँड, फुकटचं सॉफ्टवेअर!

ड्रमर नाइट शिफ्टला, बेसिस्ट परदेशात आणि गायकाच्या घरी नुकतंच बाळ आलंय? नो प्रॉब्लेम! एक गिटार, एक लॅपटॉप आणि लाइव्ह लूपिंगची दोन-चार ओपन सोर्स सॉफ्टवेअर्स... अख्खा बँड तुमच्या बेडरूममध्ये उभा राहतो.

कॉलेजचा बँड नेमका कधी मोडतो? पहिल्या अपॉइंटमेंट लेटरच्या दिवशी! गॅदरिंगला स्टेज हलवून सोडणारी चौकडी नोकरीला लागते आणि मग सगळ्यांना एकच रविवार मोकळा मिळावा म्हणून तीन महिने मेसेज फिरत राहतात. आमचंही तेच झालं. ड्रमरचा क्लायंट अमेरिकेत, त्यामुळे आपली संध्याकाळ म्हणजे त्याची सकाळ. बेसिस्ट टोरांटोला गेला. गायक आता फक्त अंगाईगीतं गातो. उरलो मी, माझी गिटार आणि शुक्रवारचे रात्रीचे नऊ.

आता एकटी गिटार किती वेळ वाजवणार? कॉर्ड्स धरल्या तर मेलडी कोण वाजवणार आणि मेलडी वाजवली तर खाली आधाराला काय? या प्रश्नाचं उत्तर म्हणजे लाइव्ह लूपिंग. आणि गंमत म्हणजे त्यासाठी महागडं पेडल घ्यायलाच पाहिजे असं काही नाही. लॅपटॉप तर ऑफिसने प्रत्येकाच्या गळ्यात मारलेलाच आहे (अर्थात त्यावर काही टाकण्याआधी आयटी डिपार्टमेंटला विचारा, नाहीतर स्वतःचा जुना लॅपटॉप बरा!).

लूप म्हणजे काय रे भाऊ?

एकदम सोपं आहे. पायाने एक बटण दाबायचं, चार कॉर्ड्स वाजवायच्या, परत बटण दाबायचं. त्या चार कॉर्ड्स आता गोल गोल वाजत राहतात. त्यावर गिटारच्या लाकडावर थाप मारून ताल भरायचा, त्यावर बेससारखी एक ओळ, त्यावर गुणगुणणं. प्रत्येक थर आधीच्या थरांवर चढतो. सगळं प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत, आधी काहीही रेकॉर्ड केलेलं नाही.

२००४ साली बीबीसीवरच्या जूल्स हॉलंडच्या कार्यक्रमात केटी टन्स्टॉल नावाची तेव्हा फारशी कुणाला माहीत नसलेली स्कॉटिश गायिका ऐनवेळी बदली म्हणून आली. हातात गिटार, पायाखाली एक लूप पेडल, बस्स. एका गाण्यात ती स्टार झाली. २०१५ मध्ये एड शीरनने लंडनचं वेम्बली स्टेडियम सलग तीन रात्री एकट्याने भरवलं, तेही लूप पेडलच्याच जोरावर. आपल्याकडे २०२४ मध्ये मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर आणि जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात ज्यांनी त्याला ऐकलं, त्यांना 'एवढा आवाज एकटा माणूस कसा काय काढतो?' हा प्रश्न नक्की पडला असणार.

खरं तर आपल्या कानाला हे नवीन नाहीच. सोलो तबलावादन ऐकलंय ना? पेटीवाला किंवा सारंगीवाला एका आवर्तनाची एकच ओळ तासभर वाजवत बसतो. तो लेहरा. तबलजी कुठेही भटकून आला तरी लेहरा त्याला सम दाखवतो. लूपर हेच काम करतो, फक्त त्याला मानधन लागत नाही आणि मधेच चहा लागत नाही!

रिळांपासून रॅमपर्यंत

ही आयडिया कॉम्प्युटरच्या आधीची आहे. १९६३ साली पॅरिसमध्ये टेरी रायली या अमेरिकन संगीतकाराने चेट बेकरच्या जॅझ ग्रुपबरोबर काम करताना दोन टेपरेकॉर्डर शेजारी शेजारी ठेवून एकच टेप दोन्हींतून फिरवली. पहिला रेकॉर्ड करतो, दुसरा वाजवतो आणि दुसऱ्याचा आवाज परत पहिल्यात जातो. सेकंदाला १९ सेंटीमीटर वेगाने टेप धावत असेल आणि दोन यंत्रांमध्ये मीटरभर टेप असेल, तर वाजवलेला सूर साधारण सव्वापाच सेकंदांनी परत येणार. म्हणजे लूपची लांबी बदलायची तर टेपरेकॉर्डर उचलून लांब ठेवायचा! हाच रायली पुढे १९७० पासून किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांचा शिष्य झाला, हा योगायोग मला फार आवडतो. १९७३ मध्ये रॉबर्ट फ्रिप आणि ब्रायन ईनो यांनी अशाच दोन रिळांच्या जोरावर गिटारचा अख्खा अल्बम काढला.

मग डिजिटल जमाना आला. १९९०च्या दशकात मथियास ग्रोब आणि त्याच्या साथीदारांच्या कल्पनेतून एकोप्लेक्स डिजिटल प्रो नावाचं यंत्र बाजारात आलं. आधी ओबरहाइमच्या नावाने, नंतर गिब्सनच्या. रॅकमध्ये बसवायचा एक डबा आणि सोबत पायाने दाबायच्या बटणांची पट्टी. मेमरीच्या चिप्स ठासून भरल्या तरी जास्तीत जास्त १९८ सेकंदांचा लूप. पण लूपर मंडळी अजूनही त्याचं नाव निघालं की कान पकडतात. कारण त्यात मल्टिप्लाय होतं, इन्सर्ट होतं, अंडू होतं. इतर पेडलं 'रेकॉर्ड करा, वाजवा, थांबवा' एवढंच म्हणत होती. या डब्याने लूपला वाद्य बनवलं.

आणि पुढे हा डबा बनवणंच बंद झालं. झालं का? ज्यांनी वर्षानुवर्षं पायाला ती भाषा शिकवली, त्यांनी करायचं काय? सेकंडहँड डबे शोधत फिरायचं?

इथे एंट्री होते आपल्या हिरोची.

जेसीभाऊंचा सूपरलूपर

जेसी चॅपेल हा अमेरिकन प्रोग्रॅमर. २०००च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने लिनक्ससाठी सूपरलूपर लिहायला घेतलं. एकोप्लेक्सची कमांड भाषा समोर ठेवून, पण ओपन सोर्स. म्हणजे प्रोग्रॅम मोफत आणि त्याचा सोर्स कोडसुद्धा सगळ्यांना खुला. वाचा, बदला, दुसऱ्याला द्या. पुढे ते मॅकवरही आलं. नाव ओळखीचं वाटत असेल तर आणखी एक सांगतो. २०२० मध्ये लॉकडाऊनमध्ये वेगवेगळ्या घरांत बसलेल्या वादकांना इंटरनेटवरून एकत्र वाजवता यावं म्हणून आलेलं सोनोबस हे मोफत सॉफ्टवेअरही याच गड्याचं.

सूपरलूपरचा चेहरा मात्र... कसं सांगू? एखाद्या सरकारी फॉर्मसारखा आहे. राखाडी, बटणंच बटणं. पहिल्या दिवशी पळून जावंसं वाटतं. पण एकेक बटण समजून घेतलं की लक्षात येतं, इथे प्रत्येक फीचर वादकाच्या एखाद्या जुन्या दुखण्यावरचं औषध आहे. आपण तीनतालाच्या हिशेबाने बघू. सोळा मात्रा, मिनिटाला १२० मात्रांची लय, म्हणजे एक आवर्तन बरोबर आठ सेकंदांचं.

मल्टिप्लाय: आठ सेकंदांच्या कॉर्ड्स तुम्ही भरल्यात. आता त्यावर बत्तीस सेकंदांची लांब मेलडी हवी आहे. साधं पेडल आठव्या सेकंदाला मेलडीची शेपटी तिच्याच डोक्यावर आणून आपटतं. मल्टिप्लाय दाबून वाजवत राहा. खालची आवर्तनं आपोआप पुन्हा पुन्हा जोडली जातात आणि चौथ्या आवर्तनात थांबलात की लूप बत्तीस सेकंदांचा होतो. थांबायला थोडं मागेपुढे झालं तरी चालतं, सॉफ्टवेअर आवर्तन पुरं करूनच थांबतं.

इन्सर्ट: लूपच्या मधोमध एक नवं आवर्तन घुसवायचं. गाण्यात कडव्याआधी एखादी वेगळी ओळ यावी तसं.

रिप्लेस आणि सब्स्टिट्यूट: दोन्ही जुना तुकडा पुसून तिथे नवा भरतात. फरक एवढाच की रिप्लेसमध्ये जुना आवाज लगेच गप्प होतो, सब्स्टिट्यूटमध्ये नवा भरेपर्यंत जुना ऐकू येत राहतो. आधार धरून वाजवायची सवय असेल तर सब्स्टिट्यूट तुमच्यासाठीच आहे.

अंडू-रीडू: एक्सेलमध्ये करता तेच. शेवटचा थर बिघडला? काढून टाका. त्याच्या आधीचा? तोही काढा. मन बदललं? परत आणा. स्टेजवर या एका बटणाची किंमत ज्याला कळते त्यालाच कळते.

फीडबॅक: जुने थर प्रत्येक फेरीला किती टक्के शिल्लक ठेवायचे ते हे ठरवतं. शंभरवर ठेवलं तर काहीच मरत नाही. नव्वदवर आणलं तर जुने सूर फेरीगणिक विरत जातात आणि नवे वर येतात. रायलीच्या रिळांवर जे आपोआप व्हायचं ते इथे हातात आलं.

थ्रेशोल्ड: दोन्ही हात गिटारवर, मग रेकॉर्डचं बटण नेमक्या क्षणी दाबायचं कुणी? थ्रेशोल्ड लावून ठेवा. पहिला सूर आला की रेकॉर्डिंग आपोआप सुरू.

आणि सगळ्यात मोलाचं म्हणजे क्वांटाइज आणि सिंक. तुम्ही बटण कधीही दाबा, क्रिया घडते ती पुढच्या समेवर किंवा तुम्ही ठरवून दिलेल्या भागावर. दुसरा, तिसरा, चौथा लूप पहिल्याच्या मापाने चालतो. बाहेरचं ड्रम मशीन असेल तर त्याच्या मिडी क्लॉकबरोबरही जुळवता येतं. थोडक्यात, तुमचा पाय पाव सेकंद चुकला तरी ताल चुकत नाही. ज्यांना उलट हवंय त्यांनी क्वांटाइज बंद करून बघावं. एका लूपमध्ये रूपकाच्या सात मात्रा, दुसऱ्यात तीनतालाच्या सोळा, त्याच लयीत. दोघांची सम पुन्हा एकत्र येणार ११२ मात्रांनी. शाळेतला लसावि कधीतरी कामाला आला म्हणायचा!

नंतरच्या व्हर्जनमध्ये लूपचा वेग आणि सूर वेगवेगळे बदलायची सोयही आली. पूर्वी टेप जोरात फिरवली की आवाज चिरका व्हायचा. आता लय वाढवली तरी पट्टी तीच ठेवता येते आणि लय न बदलता पट्टी वर नेता येते. काळी दोनमध्ये भरलेला लूप गायिका आल्यावर काळी चारमध्ये! अर्थात फार ताणलं की आवाजाचा रबर होतो, हे सांगून ठेवतो.

मेमरीचं म्हणाल तर स्टिरिओ आवाजाचं एक मिनिट म्हणजे साधारण २३ एमबी. एक जीबी रॅममध्ये चाळीस मिनिटांहून जास्त लूप मावतो. एकोप्लेक्सचे १९८ सेकंद आठवा आणि हसा.

बाकीची मंडळी काय करतायत?

सूपरलूपर एकटंच नाही. आर्डोर हे ओपन सोर्स जगातलं मोठं रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर. पॉल डेव्हिस त्याचा जनक. वर्षानुवर्षं ते म्हणजे डावीकडून उजवीकडे पळणारी टाइमलाइन, स्टुडिओवाल्यांसाठी. ऑक्टोबर २०२२ मध्ये ७.० व्हर्जन आलं आणि त्यात क्यू नावाचं पान अवतरलं. चौकोनांचा तक्ता, प्रत्येक चौकोनात एक क्लिप. टिचकी मारा, पुढच्या बारच्या सुरुवातीला ती वाजायला लागते आणि गाण्याच्या लयीत स्वतःला ताणून किंवा आखडून घेते. एक क्लिप चार वेळा वाजल्यावर पुढची कुठली घ्यायची हेही आधीच सांगून ठेवता येतं. एबल्टन लाइव्हने ही पद्धत २००१ मध्ये आणली होती. ओपन सोर्सवाल्यांना यायला वेळ लागला, पण आले. २०२३ च्या ८.० व्हर्जनमध्ये नोव्हेशनचा लॉन्चपॅड प्रो हा चमकत्या बटणांचा पाटही त्याला थेट जोडता यायला लागला. आर्डोरचा कोड खुला आहे. तयार प्रोग्रॅम मात्र त्यांच्याकडून घ्यायचा तर परवडेल तेवढे पैसे द्यायचे. पिझ्झ्याच्या हिशेबात काहीच नाही, जरूर द्या.

विंडोजवाल्यांनी तोंड पाडू नका. जियाडा नावाचं छोटंसं ओपन सोर्स लूप मशीन विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं. की-बोर्डचं एक बटण म्हणजे एक चॅनेल, दाबलं की वाजतं. फीचर्स मोजकी, पण सुरुवातीला तेच बरं असतं.

मला विचाराल तर गेल्या काही वर्षांतली सगळ्यात मोठी सुधारणा लूपरमध्ये झालेलीच नाही, ती त्याच्या खाली झाली. लिनक्सवर संगीत करायचं म्हणजे पूर्वी जॅक नावाचा ध्वनी सर्व्हर चालू करा, तो साउंड कार्डचा ताबा घेणार, मग ब्राउझर मुका होणार, असली कटकट. आता पाइपवायर आलंय. २०२१ पासून फेडोरामध्ये आवाजाचं काम तेच बघतं, नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याचं १.० व्हर्जन निघालं. लूपर आणि ब्राउझर दोघे गुण्यागोविंदाने नांदतात. आणि २०२४ मध्ये लिनक्सच्या ६.१२ कर्नलमध्ये रिअल टाइमची सोय मूळ कोडमध्येच आली. सुमारे वीस वर्षं ती बाहेरून जोडावी लागायची. याचा अर्थ काय? ट्रॅफिकमध्ये ॲम्ब्युलन्सला वाट मिळते तशी आवाजाच्या कामाला कॉम्प्युटरमध्ये वाट मिळते. मधेच 'टक्' असा आवाज येणं कमी होतं. लूपमध्ये एकदा तो 'टक्' भरला गेला की प्रत्येक फेरीला परत ऐकावा लागतो, त्यामुळे हे छोटं वाटलं तरी फार मोठं आहे.

कोड लिहा, ताल धरा!

आयटीवाल्या मित्रांनो, आता तुमच्यासाठी. वाद्य येत नाही? टायपिंग तर येतं! सॅम आरनने २०१२ मध्ये केंब्रिज विद्यापीठात शाळकरी मुलांसाठी सोनिक पाय बनवलं. त्यात लाइव्ह लूप नावाची आज्ञा आहे. तिच्यात चार ओळी लिहिल्या की त्या गोल गोल वाजतात. चालू असतानाच ओळ बदला. बदल लागू होतो तो पुढच्या फेरीपासून. म्हणजे इथेही सम आलीच! २०१७ च्या ३.० व्हर्जनपासून बाहेरचा आवाज आणि मिडी वाद्यंही जोडता येतात. ॲलेक्स मॅक्लीनचं टायडल सायकल्स याच्याही पुढे जातं. तिथे वेळ मोजायचं माप मात्रा नाहीच, आवर्तन आहे. २०२२ मध्ये त्याचं स्ट्रुडेल नावाचं भावंड आलं, ते थेट ब्राउझरमध्ये चालतं. काही इन्स्टॉल करायची गरज नाही.

आता खरी गंमत ऐका. टायडलमध्ये ताल ज्या आटोपशीर चिन्हांत लिहितात, त्या लिखाणाची प्रेरणा बोल प्रोसेसर या प्रोग्रॅमची आहे. हा बोल म्हणजे आपला तबल्याचाच बोल, धा तिट धा तिट! लखनौ घराण्याचे उस्ताद अफाक हुसेन खान यांच्याकडे जेम्स किपेन तबला शिकत होते. कायद्याचे पलटे कुठल्या नियमांनी तयार होतात, हे कॉम्प्युटरला शिकवण्यासाठी १९८०च्या दशकात त्यांच्यासोबत बर्नार्ड बेल या फ्रेंच संशोधकाने बोल प्रोसेसर लिहिला. तोही आज ओपन सोर्स आहे. हेच बेल पुढे गी पॉयतवँ आणि हेमा राईरकर यांच्या जात्यावरच्या ओव्यांच्या प्रकल्पात सामील झाले. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतल्या बायकांनी गायलेल्या एक लाखाहून जास्त ओव्या त्यात जमा आहेत. शंभर तासांहून जास्त ध्वनिमुद्रण बेल यांनी केलंय आणि २०१७ पासून 'परी'वर त्या ओव्या सर्वांसाठी खुल्या होत आहेत. जातं फिरतंय, प्रत्येक फेऱ्याला ओवी पुढे सरकतेय... आपल्या आज्यांनी लूपिंग बघितलं असतं तर 'यात काय एवढं?' असंच म्हणाल्या असत्या.

फुकट आहे म्हणून नाही...

ओपन सोर्सचं कौतुक मी फुकटेपणामुळे करतोय असं वाटेल. तसं नाही. टोरांटोला जाण्याआधी एका रविवारी आमच्या बेसिस्टने डझनभर बेसलाइन्स माझ्या फोनवरच्या एका लूपर ॲपमध्ये भरून दिल्या. 'मी नसलो तरी मी आहे', असं म्हणून हसला. दीड वर्ष मी त्याच्याबरोबर वाजवलं. मग ते ॲप बनवणाऱ्या कंपनीने दुकान बंद केलं. फोनचं मोठं अपडेट आलं आणि ॲप उघडेना. फाइल्स फोनमध्ये दिसत होत्या, पण त्या कंपनीच्या स्वतःच्या फॉरमॅटमध्ये. दुसरं कुठलंच सॉफ्टवेअर त्यांना ओळखेना. विकत घेतलेलं ॲप होतं बरं का, पैसे मोजून! मित्र जिवंत आहे, मजेत आहे, नवीन बेसलाइन्स पाठवीनही म्हणतो. पण त्या रविवारचा तो हात, ते मधेच खोकणं, ते 'परत घे रे' कुठून आणणार?

सूपरलूपर लूप साध्या वेव्ह फाइलमध्ये ठेवतं. ती आज कुठेही उघडते. आणि एखाद्या ओपन सोर्स प्रोजेक्टचा माणूस कंटाळला, तरी कोड लोकांच्या हातात राहतो. दुसरा कुणीतरी तो उचलू शकतो. एकोप्लेक्सचा डबा बंद पडला पण त्याची वाजवायची पद्धत जगली, ती कुणीतरी खुल्या कोडमध्ये परत लिहिली म्हणून. आपण पायाला दोन-दोन वर्षं लावलेली सवय कुठल्यातरी कंपनीच्या मीटिंगमध्ये रद्द होऊ नये, एवढीच माझी अपेक्षा आहे.

तोटेही सांगतो, नाहीतर म्हणाल जाहिरात करतोय. फोन करून विचारायला कस्टमर केअर नाही. मॅन्युअल वाचावं लागतं. बऱ्याच प्रोजेक्टांचा भार एक-दोन माणसांच्या खांद्यावर असतो, त्यामुळे नवीन व्हर्जन कधी येईल ते सांगता येत नाही. आणि सेटिंग जमेपर्यंत दोन संध्याकाळी जातात. त्या दोन संध्याकाळी धीर धरा.

सुरुवात अशी करा

१. लॅपटॉपच्या माइकवर जाऊ नका. गिटार किंवा माइक लावता येईल असा एक छोटा यूएसबी ऑडिओ इंटरफेस घ्या. लिनक्सवर वापरणार असाल तर वेगळा ड्रायव्हर न लागणारा निवडा.

२. लेटन्सी समजून घ्या. सेकंदाला ४८,००० सॅम्पल्स धरले तर १२८ सॅम्पल्सचा बफर म्हणजे पावणेतीन मिलिसेकंद, १०२४ चा म्हणजे २१. हवेतून आवाज मीटरभर जायला साधारण तीन मिलिसेकंद घेतो. येणं-जाणं मिळून उशीर याच्या दुपटीहून थोडा जास्त होतो, तरी १२८ वर तुम्ही जणू ॲम्प्लिफायरपासून दोन-तीन मीटरवर बसलेले असता. १०२४ वर तो हॉलच्या दुसऱ्या टोकाला! आधी २५६ वर चालवा, टकटक आली नाही तर खाली या.

३. हेडफोन लावा. स्पीकरवर वाजणारा लूप माइकमध्ये शिरला की प्रत्येक थरात परत तोच भरतो आणि खिचडी होते. शिवाय रात्री अकराला सोसायटीचे सेक्रेटरी दार वाजवत नाहीत.

४. पायाने चालवायचा मिडी फूटस्विच मिळाला तर उत्तम. नसेल तर यूएसबी की-बोर्ड जमिनीवर ठेवा आणि अंगठ्याने दाबा. दिसतं विनोदी, चालतं झक्कास. सूपरलूपर फोन किंवा टॅबवरूनही नेटवर्कने चालवता येतं.

५. पहिला आठवडा एकच लूप, आठ मात्रा, दोनच बटणं: रेकॉर्ड आणि ओव्हरडब. शेवटचं बटण समेवर पडायला लागलं की मगच मल्टिप्लायला हात लावा. क्वांटाइज आहे म्हणून ताल शिकायचा कंटाळा करू नका.

थर उतरवणं कठीण!

शेवटी एक गोष्ट कुठलंच फीचर करून देत नाही. लूपरवाल्यांच्या मैफलीत हमखास होणारा प्रकार म्हणजे थरावर थर, थरावर थर आणि सातव्या मिनिटाला सगळ्यांना कळतं की आता यांना थांबता येत नाहीये. दहीहंडीत थर लावण्याइतकंच ते सुखरूप खाली उतरवणं महत्त्वाचं असतं, तसंच हे. चार थर लावलेत? मग एक म्यूट करा. नुसता बेस राहू द्या, दोन आवर्तनं. फीडबॅक खाली आणा आणि जुनी मेलडी विरून जाऊ द्या. अंडू दाबून पहिल्या कॉर्ड्सवर परत या. सूपरलूपरमध्ये भर घालायची जेवढी बटणं आहेत, जवळपास तेवढीच काढून घ्यायचीही आहेत. ती कामाला लावा.

आमच्या बेसिस्टने परवा नवीन चार लाइन्स पाठवल्या. वेव्ह फाइल्स, मी मागितल्या तशा. एक त्याने जरा फास्ट वाजवलीय, ती मी पट्टी न बदलता लयीत बसवून घेतली. ड्रमरला शनिवारी सुट्टी आहे म्हणे. दोघं आणि एक लॅपटॉप... म्हणजे पाऊण बँड झालाच की!